जे घडलं नाही, त्याचं बक्षीस

२८ ऑक्टोबर २०२४ ची रात्र, पॅरिसमधलं शातले नाट्यगृह. वर्षातला जगातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून ज्याचं नाव पुकारलं गेलं, तो मंचावर आला कुबड्या घेऊन. पाच आठवड्यांपूर्वी आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता. सोन्याचा चेंडू त्याच्या हाती दिला तो जॉर्ज वेआ यांनी. १९९५ मध्ये हाच चेंडू जिंकणारे पहिले आफ्रिकी खेळाडू, आणि पुढे लायबेरियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले वेआ.

विजेता होता मँचेस्टर सिटीचा आणि स्पेनचा मध्यरक्षक रॉड्री. सभागृहात रेआल माद्रिदचं कुणीच नव्हतं. त्यांचा व्हिनिसियस ज्युनियर जिंकणार, असं जवळपास सगळेच धरून चालले होते. तो जिंकत नाही असं कानावर येताच क्लबने पॅरिसला जाणंच रद्द केलं. तेव्हापासून वाद सुरू आहे: बॅलन डी'ओरला, म्हणजे या सोन्याच्या चेंडूला, रॉड्री खरंच लायक होता का?

माझं उत्तर ठाम आहे. होता. पण मला जास्त नवल वाटतं ते या माणसाच्या कामाचं. हा पुरस्कार १९५६ पासून दिला जातो आणि तो बहुतेक वेळा गोल करणाऱ्यांकडे किंवा गोल घडवणाऱ्यांकडे गेला आहे. गोलरक्षकाला तो एकदाच मिळाला, १९६३ मध्ये लेव्ह याशिनला. बचावपटूला शेवटचा मिळाला तो २००६ मध्ये फाबिओ कान्नावारोला. रॉड्रीचं मुख्य काम म्हणजे काहीतरी घडू न देणं. न घडलेली गोष्ट पाहायची कशी, आणि तिला गुण द्यायचे कसे?

यासाठी एक प्रयोग करून बघा. त्याचा एखादा जुना सामना लावा आणि चेंडूकडे बघूच नका. फक्त १६ नंबरच्या पाठीकडे बघा. क्लबकडून आणि देशाकडून तो हाच नंबर घालतो. पहिली दोन-तीन मिनिटं कंटाळवाणी जातात. मग त्याची मान दिसायला लागते. पास त्याच्याकडे निघण्याआधीच ती डावीकडे वळते, उजवीकडे वळते, खांद्यावरून मागे जाते, परत येते. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी वर्षानुवर्षं अशा माना वळण्याची मोजदाद केली आहे, इतकी ही बारीकशी हालचाल महत्त्वाची. चेंडू पायाशी येतो तेव्हा रॉड्रीला तो कुठे द्यायचा हे आधीच ठाऊक असतं. त्याचं अंग अर्धवट वळलेलं असतं, चेंडू लांबच्या पायावर घेतलेला असतो, त्यामुळे पुढचं अर्धं मैदान त्याच्यासमोर उघडं असतं. मागून धावत आलेला प्रतिस्पर्धी पोहोचेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. सगळं इतकं शांतपणे होतं की आपल्याला त्यात काही अवघड वाटत नाही. बाकीचे त्याच जागी धडपडताना दिसतात, तेव्हा ते अवघड होतं हे कळतं.

आता आणखी थोडं थांबा. सिटीचे सात-आठ जण प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपाशी गर्दी करून आहेत, कॅमेराही तिकडेच आहे. प्रतिस्पर्ध्यांचा एक चपळ आघाडीवीर मध्यरेषेजवळ वाट बघत उभा आहे. चेंडू एकदा हिसकावला की पहिला पास त्याच्याकडे जाणार, आणि मग समोर मोकळं रान. नेमका त्या पासच्या वाटेवर रॉड्री येऊन उभा राहिलेला असतो. आघाडीवीर दोन पावलं सरकतो, हाही दोन पावलं सरकतो. पास येत नाही, आघाडीवीर मुकाट्याने मागे फिरतो. सामन्यानंतरच्या तक्त्यात याची नोंद कुठे होते? ना चेंडू हिसकावला, ना अडवला, ना कुणाला पाडलं. एक प्रतिहल्ला जन्मालाच आला नाही, एवढंच.

क्रिकेटची मला इथे फार असूया वाटते. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास कसोटीत इंग्लंडविरुद्ध आपल्या नाशिकच्या बापू नाडकर्णींनी ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव, त्यातही सलग २१ निर्धाव. धावा ५, बळी शून्य. एकही बळी न घेतलेली ही गोलंदाजी साठ वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे, कारण क्रिकेटच्या धावफलकात 'काहीच झालं नाही' यासाठी स्वतंत्र रकाना आहे. फुटबॉलमध्ये तो नाही. रॉड्री आयुष्यभर निर्धाव षटकं टाकतोय आणि ती लिहून घ्यायला कुणी वही घेऊन बसलेलं नाही.

मग त्याचं मोल कळतं कशावरून? २०२३-२४ च्या हंगामात ते कळण्याची एक विलक्षण संधी मिळाली, आणि तीही त्याच्याच चुकीमुळे. २३ सप्टेंबर २०२३ ला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हात घातला. लाल कार्ड, तीन सामन्यांची बंदी. सिटी ते तिन्ही सामने हरली: लीग कपमध्ये न्यूकॅसलकडून, मग लीगमध्ये वुल्व्ह्ज आणि आर्सेनलकडून. डिसेंबरमध्ये पिवळ्या कार्डांची संख्या भरल्यामुळे तो पुन्हा एका सामन्याला मुकला, अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धच्या. तोही सिटी हरली. त्या अख्ख्या लीगमध्ये सिटी तीनच सामने हरली आणि तिन्ही वेळा तो मैदानात नव्हता. तो खेळला त्या ३४ सामन्यांत एकही हार नाही. फेब्रुवारी २०२३ ते मे २०२४ या काळात सर्व स्पर्धा मिळून सिटीकडून खेळताना तो सलग ७४ सामने अपराजित राहिला. पेनल्टी शूटआउटमध्ये गेलेले सामने या हिशोबात बरोबरीचे धरले जातात, हेही सांगायला हवं. तसं धरूनही आकडा थक्क करणारा आहे. त्या वर्षी सिटीने सलग चौथ्यांदा इंग्लंडचं विजेतेपद जिंकलं. त्या देशाच्या शतकभराहून जुन्या लीगमध्ये हे आधी कुणालाही जमलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही. चार सामने म्हणजे मूठभर पुरावा. सिटीचा केविन डी ब्रॉयनेही त्याच महिन्यांत जायबंदी होता, त्यामुळे सगळ्या पराभवांचं खापर एकाच्या गैरहजेरीवर फोडणं बरोबर नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत अल्बानियाविरुद्ध रॉड्री निलंबित होता, तरी स्पेन १-० जिंकला. बर्लिनच्या अंतिम सामन्यात मध्यंतरालाच त्याला दुखापतीमुळे बाहेर बसावं लागलं. उत्तरार्ध सुरू होऊन दोन मिनिटं होतात तोच निको विल्यम्सने गोल केला आणि स्पेनने इंग्लंडला २-१ हरवलं. मला सर्वांत बोचणारा मुद्दा वेगळाच आहे. त्या हंगामात इंग्लंडमधले खेळाडूंच्या संघटनेचा, पत्रकारांचा आणि खुद्द लीगचा असे तिन्ही मोठे पुरस्कार रॉड्रीच्याच संघातल्या फिल फोडनला मिळाले. जो स्वतःच्याच लीगमध्ये पहिला ठरला नाही, तो जगात पहिला कसा?

आणि व्हिनिसियस. त्याची बाजू मांडायला शब्द शोधावे लागत नाहीत. हंगामात २४ गोल. म्युनिकमध्ये बायर्नविरुद्धच्या उपांत्य सामन्यात दोन गोल. १ जून २०२४ ला वेम्बलीवर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात डॉर्टमुंडविरुद्ध ८३ व्या मिनिटाला विजयावर शिक्कामोर्तब करणारा गोल. ज्या माद्रिदने वाटेत रॉड्रीच्या सिटीलाच बाहेर काढलं, त्या माद्रिदचा सर्वांत धारदार माणूस. शिवाय स्पेनच्या मैदानांवर आपल्या रंगावरून होणाऱ्या शिवीगाळीविरुद्ध तो वर्षानुवर्षं उघडपणे उभा राहिला. त्याला पुरस्कार मिळाला असता तर मी अन्याय झाला असं म्हटलं नसतं.

तरीही माझं माप रॉड्रीकडे झुकतं, ते एका सामन्यामुळे. ३० जून २०२४, कोलोन, युरोची बाद फेरी. पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरलेल्या जॉर्जियाविरुद्ध अठराव्या मिनिटाला स्पेनच्या बचावपटूनेच चेंडू स्वतःच्या जाळ्यात घातला. अशा वेळी मोठ्या संघांचे पाय लटपटतात. घाईघाईत पास दिले जातात, प्रतिहल्ल्यांना वाट मिळते, आणि इतिहासात आणखी एक धक्कादायक निकाल जमा होतो. रॉड्री मात्र चेंडू या बाजूकडून त्या बाजूकडे फिरवत राहिला, जणू पिछाडी झालेलीच नाही. तबलजी गायकाला सांभाळून घेतो ना, तान हातातून निसटली तरी ठेका न हलवता, तसं. ३९ व्या मिनिटाला निको विल्यम्सने डावीकडून चेंडू आत दिला. रॉड्री पेनल्टी बॉक्सच्या कडेवर होता. एक स्पर्श, मग डाव्या पायाने जमिनीलगत फटका, थेट कोपऱ्यात. स्पेन ४-१ ने जिंकला. त्या स्पर्धेत स्पेनने सातही सामने जिंकले आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून रॉड्रीची निवड झाली. आदल्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरविरुद्धचा एकमेव गोलही याचाच होता, तोही असाच, बॉक्समध्ये शांतपणे येऊन केलेला. तो गोल या पुरस्काराच्या हिशोबात येत नाही, कारण २०२२ पासून कॅलेंडर वर्षाऐवजी हंगाम मोजतात. पण स्वभाव तोच.

आता हा निकाल प्रत्यक्षात लागतो कसा ते बघू, कारण तिथली गंमत अनेकांना माहीत नसते. फिफाच्या क्रमवारीतल्या पहिल्या शंभर देशांमधला प्रत्येकी एक पत्रकार मत देतो. (२०२४ मध्ये भारत पहिल्या शंभरात नव्हता, त्यामुळे आपल्या देशाचं मत यात नव्हतं. याची मला हळहळ वाटते.) प्रत्येकाने दहा नावं क्रमाने लिहायची. पहिल्याला १५ गुण, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला १०, मग ८, ७, ५, ४, ३, २, १. निकष तीन: वैयक्तिक कामगिरी, संघाचं यश, आणि खिलाडूवृत्ती.

रॉड्रीला १,१७० गुण मिळाले, व्हिनिसियसला १,१२९. फरक ४१ चा. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर अंगावर काटा येईल. एखाद्या पत्रकाराने रॉड्रीला पहिला आणि व्हिनिसियसला दुसरा लिहिलं आहे असं समजा. त्याने ही दोन नावं अदलाबदल केली असती, तर रॉड्रीचे तीन गुण घटले असते आणि व्हिनिसियसचे तीन वाढले असते. म्हणजे फरक सहाने कमी. असे सात पत्रकार घ्या: सात सक बेचाळीस. रॉड्री १,१४९, व्हिनिसियस १,१५०. जवळपास शंभरातल्या सात जणांनी दोन ओळींची जागा बदलली असती, तर सोन्याचा चेंडू माद्रिदला गेला असता.

या पद्धतीत आणखी एक खाच आहे. तिसरा आला ज्यूड बेलिंगहॅम आणि चौथा दानी कार्वाहाल. दोघंही माद्रिदचेच. माद्रिदच्या हंगामावर भाळलेल्या पत्रकाराला पहिला क्रमांक कुणाला द्यायचा हा प्रश्न पडणारच, आणि त्याने बेलिंगहॅमला वर घेतलं की व्हिनिसियसचे तीन गुण गेले, दोघांना वर घेतलं की पाच. घरात कर्ते जास्त असले की श्रेय वाटलं जातं. रॉड्रीच्या बाजूला, दोन्ही संघ मिळून, इतका मोठा वाटेकरी नव्हता. यात कुणाचा डाव नाही, हे निव्वळ गणित आहे.

पन्नास दिवसांनी, १७ डिसेंबरला दोहामध्ये फिफाने आपला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू जाहीर केला. तिथे कर्णधार, प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते मत देतात. तिथे जिंकला व्हिनिसियस, आणि रॉड्री दुसरा आला.

त्या दिवसांत मँचेस्टरमध्ये काय चाललं होतं? पॅरिसच्या समारंभानंतर दोनच दिवसांनी सिटी टॉटनहॅमकडून हरली. त्या सामन्यापासून वर्ष संपायच्या सुमारापर्यंत खेळलेल्या १३ सामन्यांत ९ पराभव, ३ बरोबरी, आणि विजय फक्त एक. सलग चार वेळा इंग्लंड जिंकलेला संघ, तोच प्रशिक्षक, तोच गोल करणारा हालंड. दुखापती इतरांनाही होत्या, आणि हा सगळा काळ पुरस्काराच्या हंगामाबाहेरचा आहे, त्यामुळे पुरावा म्हणून तो मांडता येत नाही. पण मी ते सामने पाहिले. प्रतिस्पर्धी चेंडू हिसकावत, मान वर करत, आणि पहिला पास सरळ निघून जाई. मध्यरेषेजवळच्या त्या आघाडीवीराला आता अडवायला कुणी येत नव्हतं.

रॉड्री मूळचा माद्रिद शहराचाच. विहारेआल क्लबकडून खेळायचा तेव्हा कास्तेयोनच्या विद्यापीठात व्यवसाय व्यवस्थापन शिकत होता आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात राहत होता. पुरस्कार मिळाला तेव्हा तो समाजमाध्यमांवर नव्हता. लुइस सुआरेझने १९६० मध्ये हा पुरस्कार जिंकला, त्यानंतर चौसष्ट वर्षांनी एखाद्या स्पॅनिश पुरुष खेळाडूला तो मिळत होता. मंचावर कुबड्यांचा आधार घेत तो बोलायला उभा राहिला आणि ज्यांना हा चेंडू कधीच मिळाला नाही, अशा स्पॅनिश खेळाडूंची नावं त्याने घेतली. चावी, इनिएस्ता, कासियास. आणि त्यांच्या जोडीला सर्जिओ बुस्केट्स, जो त्याच्याच जागी, बार्सिलोनाच्या आणि स्पेनच्या मधोमध, कित्येक वर्षं मान वळवत उभा होता आणि या यादीत पहिल्या तिघांत एकदाही आला नाही.