एक कंस कमी पडला, तर...

संगणकाला मजकुरात एखादी गोष्ट शोधायला सांगताना आपण त्याला एक साचा देतो. 'आधी आकडे, मग एक रेघ, मग पुन्हा आकडे' अशासारखा. या साच्यांना रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात. साचा चुकीचा असेल तर उत्तर चुकेल, हे कोणालाही पटते. पण साचा बरोबर असूनही संगणक तासन्‌तास अडकून पडू शकतो. कसा, ते पाहू.

कंसातला मजकूर शोधायचा आहे आणि आत आणखी एखादा कंस असू शकतो. बहुतेकांना सुचणारा साचा असा: कंस उघडा, आत 'कंस नसलेल्या अक्षरांचा गट किंवा एक पुरा कंस' हे कितीही वेळा, शेवटी कंस मिटा. यात वावगे काय? '(ककक)' दिले तर उत्तर क्षणात येते.

आता शेवटचा कंस पुसून '(ककक' द्या. संगणक तिन्ही अक्षरांचा एक गट करतो, पुढे मिटणारा कंस सापडत नाही. मग तो मागे फिरतो. गट वेगळे पाडले तर जमेल का? कक-क, क-कक, क-क-क. चारही वाटण्या फुकट जातात. आपल्याला एका नजरेत कळते की वाटणी बदलून कंस उगवणार नाही. त्याला ते कळत नाही.

वाटण्या किती, हे वर्गात जरूर काढून घ्यावे. तीन अक्षरांमध्ये दोन फटी. प्रत्येक फटीत काप द्यायचा किंवा नाही. म्हणून २ × २ = ४. दहा अक्षरांना ५१२, वीस अक्षरांना ५,२४,२८८ आणि तीस अक्षरांना ५३,६८,७०,९१२. सेकंदाला एक कोटी वाटण्या तपासल्या तर तीस अक्षरांना मिनिटभर पुरेल, चाळीस अक्षरांना मात्र पंधरा तासांहून अधिक! गंमत अशी की बिनचूक मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

हे केवळ कागदावरचे नाही. २० जुलै २०१६ रोजी स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ ३४ मिनिटे बंद पडले. कारण होते एका मजकुरातल्या सुमारे २०,००० सलग मोकळ्या जागा आणि ओळीच्या टोकाच्या मोकळ्या जागा छाटणारा एक साचा. तिथे वाढ दुपटीची नव्हती, वर्गाची होती. तरीही सुमारे वीस कोटी तपासण्या झाल्या. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअरची सेवा अशाच एका साच्याने कोलमडली.

उपाय सोपा आहे. कंसाच्या आत 'अक्षरांचा गट' म्हणण्याऐवजी 'एक अक्षर' म्हणा. ते कितीही वेळा येऊ शकतेच, मग गट हवा कशाला? आता वाटणीचा एकच मार्ग उरतो. गट ठेवायचाच असेल तर 'एकदा घेतलेला गट फोडायचा नाही' अशी खूण काही भाषांत करता येते. पायथनमध्ये ती सोय २०२२ साली आली. मागे फिरणेच टाळणारी पद्धत केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये मांडली होती: सर्व शक्यता एकदम हाताशी धरून मजकूर एकदाच वाचायचा.

कंसात कंस, त्यात पुन्हा कंस, असे कितीही खोल जायचे असेल तर मात्र मूळ अर्थाने रेग्युलर असलेला कोणताही साचा पुरत नाही, कारण त्याला अमर्याद मोजता येत नाही. तिथे साच्याचा हट्ट सोडून सरळ मोजावे. उघडणाऱ्या कंसाला एक मिळवा, मिटणाऱ्याला एक वजा करा. शेवटी शून्य यायला हवे आणि मध्येच बेरीज शून्याखाली जाता कामा नये. ही दुसरी अट का, हे मुलांना '())(' देऊन विचारावे. गोल, चौकोनी, महिरपी असे सगळे कंस मिसळले असतील तर नुसती बेरीज चालत नाही. उघडलेले कंस एकावर एक रचून ठेवावे लागतात आणि मिटणारा कंस सर्वांत वरच्याशीच जुळवावा लागतो.