प्याद्याचा वजीर करताना

बुद्धिबळाचा डाव सुरू होताना दोन्ही बाजूंकडे सोळा-सोळा मोहरे असतात आणि त्यानंतर ते फक्त कमी होत जातात. नवा मोहरा पटावर आणायची वाट एकच: प्यादं रेटत रेटत समोरच्या शेवटच्या रांगेत नेणं. पुष्कळ डाव त्याआधीच निकालात निघतात. त्यामुळे वर्षानुवर्षं खेळणाऱ्यावरही हा प्रसंग फारसा येत नाही, आणि आला की बहुतेक जण ऐकीव नियमांवर आणि सवयीवर निभावून नेतात. या खेळात दुसऱ्या कुठल्या नियमाभोवती एवढे गैरसमज साचले असतील असं मला वाटत नाही. ‘आँ पासाँ’चा, म्हणजे दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेतच मारण्याचा, नियम तेवढा अवघड आहे म्हणावं, तर तो लोकांना माहीतच नसतो, गैरसमज व्हायला आधी थोडा समज लागतो.

“मेलेला मोहराच परत मिळतो”

नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, म्हणजे फिडेचा नियम स्पष्ट आहे. शेवटच्या रांगेत पोचलेल्या प्याद्याच्या जागी त्याच रंगाचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा घ्यायचा. आधी कोणता मोहरा मारला गेला आहे याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. नव्या मोहऱ्याचा अंमलही त्याच क्षणी सुरू होतो. तुमचा मूळ वजीर शाबूत असला तरी दुसरा घेता येतो. आठही प्यादी पोचवलीत तर तत्त्वतः एकाच बाजूचे नऊ वजीर होऊ शकतात. दुसरा राजा मात्र करता येत नाही आणि प्यादं प्यादंच ठेवता येत नाही. गंमत म्हणजे 1862 च्या ब्रिटिश नियमावलीत ते तसंच ठेवण्याची मुभा होती आणि पहिला विश्वविजेता ठरलेल्या स्टाइनिट्झने 1889 मध्ये आपल्या पुस्तकात त्या मुभेची पाठराखणही केली. आज ती नाही.

मग हा समज आला कुठून? एक कारण अगदी साधं आहे: डब्यात प्रत्येक रंगाचा वजीर एकच असायचा. शिवाय युरोपातही अठराव्या शतकात काही ठिकाणी गमावलेल्या मोहऱ्यांपुरतीच परवानगी होती. आणि आपल्याकडे देशी बुद्धिबळाचा नियम वेगळाच होता. प्यादं ज्या उभ्या ओळीतून पोचेल त्या घरचा मोहरा व्हायचा: कडेच्या ओळीत हत्ती, तिच्या शेजारी घोडा, मग उंट, आणि मधल्या दोन ओळींत वजीर. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरं जायची मोकळीकही देशी खेळात नव्हती. पंजाबातला मीर सुलतान खान हेच नियम शिकून मोठा झाला, युरोपीय नियम त्याने तरुणपणी उचलले आणि तरीही 1929, 1932 आणि 1933 असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. तेव्हा आजोबा “घोड्याच्या घरात पोचलंय, घोडाच होणार” म्हणत असतील तर ते चुकत नाहीत, ते दुसरा खेळ खेळताहेत. फक्त डाव मांडण्यापूर्वी कोणता खेळ ते ठरवून घ्या. प्यादं सातव्या घरात पोचल्यावर ठरवायला गेलात तर भांडण होतं.

“जादा वजीर नसेल तर हत्ती उलटा ठेवायचा”

घरी चालतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांतही चालतं. फिडेच्या नियमांनी चालणाऱ्या स्पर्धेत मात्र उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच, तुम्ही तोंडाने ‘वजीर’ म्हणालात तरी.

याची किंमत 2017 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या टायब्रेकमध्ये निकोले नोरित्सिनने मोजली. झटपट डाव, घड्याळात सेकंद उरलेले. त्याने काळं प्यादं डी1 वर नेलं, वजीर हाताशी दिसेना म्हणून हत्ती उलटा ठेवला आणि ‘क्वीन’ म्हणून घड्याळ दाबलं. पंचांनी डाव थांबवून तो हत्ती असल्याचा निर्णय दिला. डावही गेला आणि अजिंक्यपदही. ते प्रतिस्पर्धी बाटोर साम्बुएवकडे गेलं. मारलेला काळा वजीर त्या वेळी साम्बुएवच्याच हातात होता हे नंतर चित्रफितीत दिसलं आणि त्यावरून बराच वाद झाला. मारलेले मोहरे मुठीत धरून बसायची सवय अनेकांना असते, त्यामुळे हेतूबद्दल बोलणं कठीण. पण पंचांचा निर्णय नियमाला धरून होता.

करायचं काय, तर नियमातच सोय आहे. हवा तो मोहरा जवळ नसेल तर घड्याळ थांबवायचं आणि पंचांकडे मागायचा. हे करताना संकोच वाटतो, विशेषतः मुलांना. प्रशिक्षकांनी उंटाच्या चालीइतकंच हेही शिकवायला हवं. आणखी दोन बारकावे. नवा मोहरा त्या घराला टेकला की निवड पक्की झाली, मग बदल नाही. आणि प्यादं शेवटच्या रांगेत तसंच ठेवून घड्याळ दाबलं तर ती अवैध चाल ठरते. मग त्या जागी वजीरच ठेवावा लागतो, तुम्हाला घोडा हवा असला तरी, आणि अवैध चालीची शिक्षा वेगळी.

“वजीर सगळ्यांत बलवान, मग दुसरं काही घ्यायचंच कशाला?”

या समजात बरंचसं सत्य आहे, म्हणूनच तो जास्त फसवा. बहुतेक वेळा वजीरच बरोबर असतो. पण का, ते समजून घेतलं की अपवादही आपोआप कळतात. वजीर हत्तीसारखा सरळ जातो आणि उंटासारखा तिरका. म्हणजे हत्ती किंवा उंट जे करू शकतो ते सगळं वजीर करतो. घोड्याची अडीच घरांची चाल तेवढी त्याला येत नाही. याचा अर्थ, घोडा घेण्याचं कारण त्या उडीत असतं. हत्ती किंवा उंट घेण्याचं कारण मात्र उलटं: वजिराची ताकद तिथे नको असते.

ताकद नको कशी असेल? पटावर मांडून पाहा. पांढरा राजा एफ6 वर, पांढरं प्यादं एफ7 वर, काळा राजा एच7 वर. बाकी पट रिकामा, चाल पांढऱ्याची. प्यादं एफ8 वर नेऊन वजीर केलात तर काळ्या राजाला शह नाही, पण जायलाही एक घर नाही. वजीर जी8, एच8 आणि तिरका एच6 अडवतो; जी6 आणि जी7 तुमचा राजा. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. जिंकलेला डाव एका चालीत अर्ध्या गुणावर आला. तिथेच हत्ती घ्या. हत्ती तिरका पाहत नाही, म्हणून एच6 मोकळं राहतं, काळ्या राजाला तिथेच जावं लागतं आणि हत्ती एच8 वर येऊन मात देतो.

या कल्पनेचं सर्वांत प्रसिद्ध रूप 1895 मध्ये ग्लासगोत सापडलं. तिथल्या एका साप्ताहिकात जॉर्ज बार्बिएने बुद्धिबळाच्या सदरात एक शेवट छापला होता: पांढऱ्याकडे राजा आणि प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. उत्तर म्हणून बरोबरी दिली होती, कारण पांढऱ्याने वजीर केला की काळा हत्ती शह देत स्वतःला मारून घेतो आणि कोपऱ्यातला काळा राजा स्टेलमेट होतो. ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूला दिसलं की सी8 वर वजीर नकोच, हत्ती हवा. मग दोन्हीकडे एकेक हत्ती, कागदावर समसमान. पण पांढऱ्याची ए8 वरून मात येते, ती टाळायला काळ्याला हत्ती ए4 वर आणावाच लागतो, आणि पांढरा राजा बी3 वर सरकून एकाच चालीत त्या हत्तीवर हल्ला करतो आणि सी1 वरच्या मातेची धमकी देतो. साव्हेद्राचं नाव बुद्धिबळात टिकून आहे ते या एका चालीमुळे.

मोबाइलवर खेळणाऱ्यांनी एक करावं. बहुतेक ॲपमध्ये प्याद्याचा आपोआप वजीर करणारी सेटिंग असते. ती बंद ठेवावी; सुरू असेल तर वरच्या स्थितीत तुमच्या वतीने चूक ॲप करेल.

“घोडा वगैरे कोड्यांपुरतं”

जिंकलेल्या डावात समोरच्याला खिजवायला घोडा घेणारे असतात, त्यांच्यामुळे हा समज बळावला असावा. पण आल्बिन प्रतिगॅम्बिट या ओपनिंगमध्ये खऱ्या डावात, तेही सातव्याच चालीला, काळ्याला घोडा घ्यावा लागतो. याला लास्करचा सापळा म्हणतात. पांढरा आमिषाने एक उंट मारतो; तेवढ्यात काळं प्यादं एफ2 वर शह देतं, पांढरा राजा ई2 वर येतो आणि प्यादं जी1 वरचा घोडा मारून शेवटच्या रांगेत पोचतं. इथे वजीर घेतला तर शह बसत नाही. पांढऱ्याला उसंत मिळते, तो आधी वजिरांची मारामारी उरकून घेतो, मग नवा वजीरही मारतो आणि काळ्याच्या हाती काही उरत नाही. घोडा घेतला तर ई2 वरच्या राजाला शह बसतो. पांढऱ्या हत्तीने तो घोडा मारला तर काळा उंट जी4 वर शह देऊन मागचा वजीरच उचलतो.

“दुसरा वजीर आला म्हणजे डाव आपला”

विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या 1959 च्या कँडिडेट्स स्पर्धेत फिशर आणि पेट्रोसियान या दोन दिग्गजांच्या एका डावात पटावर एकाच वेळी चार वजीर होते. डाव बरोबरीत सुटला.

त्याहून उपयोगाची गोष्ट शेवटच्या शर्यतीची. दोघांची प्यादी धावताहेत, तुमचं आधी पोचलं, वजीर झाला; समोरच्याचं प्यादं एकाच घराने मागे आहे आणि त्याचा राजा शेजारी उभा. तुमचा राजा जवळ असेल तर चिंता नाही. लांब असेल तर सगळं त्या प्याद्याच्या ओळीवर अवलंबून. बी, डी, ई किंवा जी ओळीत असेल तर वजीर सहसा जिंकतो. ए, सी, एफ किंवा एच असेल तर स्टेलमेटच्या युक्तीने समोरचा सहसा सुटतो. म्हणून शर्यत मोजताना ‘कोण आधी’ एवढंच मोजून भागत नाही.

“नवा वजीर जपून वापरावा”

याचं उत्तर चेन्नईत 21 नोव्हेंबर 2013 ला मिळालं. विश्वनाथन आनंद विरुद्ध माग्नुस कार्लसन, विश्वविजेतेपदाचा नववा डाव. कार्लसन 5-3 ने पुढे, आनंदला जिंकणं भाग. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या आनंदने राजाच्या बाजूने सगळं झोकून दिलं: वजीर एच6 वर, प्यादं एफ6 वर, आणि हत्ती एच4 वर आला की एच7 वर मात. दरम्यान कार्लसनचं ए ओळीतलं प्यादं एक प्यादं मारून बी ओळीत शिरलं होतं. सत्ताविसाव्या चालीला ते बी1 वर पोचलं, वजीर झाला आणि शह बसला. (देशी नियमाने तो घोडा झाला असता, आणि शहही बसला नसता.)

शह अडवायला आनंदसमोर दोन वाटा होत्या: उंट एफ1 वर किंवा घोडा एफ1 वर. त्याने जी3 वरचा घोडा मागे आणला. पण त्या घोड्यानेच ई1 ते एच4 ही तिरकी रेषा अडवली होती. तो हलताच कार्लसनने नवा वजीर ई1 वर ठेवला. आता हत्ती एच4 वर आला तर नवा वजीर त्याला मारतो, पांढरा वजीर त्या वजिराला मारतो, आणि हल्ला संपतो. काळ्याने गमावलं ते एक प्यादं, पांढऱ्याने आख्खा हत्ती. काळ्याचा मूळ वजीर डी8 वर तसाच. उंटाने शह अडवला असता तर लढत पुढे चालली असती. तिथेही मुख्य ओळ अशी की नवा वजीर डी1 वरून एच5 वर जाऊन स्वतःला मारून घेतो आणि मात रोखतो. दोन्ही वाटांनी पाच चाली खपवून मिळवलेल्या त्या वजिराचं आयुष्य जेमतेम दोन-तीन चालींचं होतं, आणि कार्लसनला तेवढंच हवं होतं.

ई1 वरची चाल पाहून आनंदने डाव सोडला. दुसऱ्या दिवशी दहावा डाव बरोबरीत सुटला आणि कार्लसन 6.5-3.5 ने विश्वविजेता झाला.