टर्बोफॅन इंजिन

टर्बोफॅन हा झोत इंजिनाचा, म्हणजेच जेट इंजिनाचा, एक प्रकार आहे. आजची बहुतेक मोठी प्रवासी विमाने याच इंजिनावर चालतात.

कार्यपद्धती

पुढील पंख्यातून शिरलेल्या हवेचा एक भाग संपीडकात जातो. तेथे फिरत्या पात्यांच्या अनेक ओळी तिचा दाब वाढवतात. ज्वलनकक्षात केरोसीनच्या जातीचे इंधन अखंड जळत असते. त्यातून निघालेले तप्त वायू टरबाइन फिरवतात आणि टरबाइन त्याच आसावर बसवलेला संपीडक व पंखा फिरवते. मागे जाणारा झोत बाहेरच्या हवेला ढकलतो म्हणून विमान पुढे जाते, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. हवेला मागे वेग देताना तिची जी प्रतिक्रिया इंजिनावर होते, तोच रेटा होय.

पंख्यातील उरलेली हवा गाभ्यात न शिरता त्याच्या भोवतीने मागे जाते, आणि मोठ्या इंजिनांत बहुतांश रेटा तिच्यापासूनच मिळतो. रेटा हवेचे वस्तुमान व तिला दिलेला वेग यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. त्यामुळे उभ्या विमानात दुप्पट हवेला निम्मा वेग दिल्यास रेटा तेवढाच राहून ऊर्जा निम्मी लागते. बोईंग ७७७-३००ईआर विमानाच्या जीई९० इंजिनाचा पंखा म्हणूनच सुमारे ३.२५ मीटर व्यासाचा आहे.

टरबाइनपर्यंत येणाऱ्या वायूंचे तापमान पात्यांच्या निकेल-मिश्रधातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक असू शकते. पाती पोकळ ठेवून त्यांच्या बारीक छिद्रांतून संपीडकातील तुलनेने थंड हवा सोडतात; तिचा पातळ थर धातूचे रक्षण करतो.

इतिहास

फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये इंग्लंडमध्ये झोत इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण असे पहिले विमान, हाइनकेल एचई १७८, २७ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीत उडाले. सेवेत आलेले पहिले टर्बोफॅन रोल्स-रॉइसचे कॉनवे होते. एअर इंडियाची १९६० मधील बोईंग ७०७ विमाने याच इंजिनांची होती.

इंजिन बंद पडणे

२४ जून १९८२ रोजी लंडनहून मुंबई, क्वालालंपूरमार्गे निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोईंग ७४७ जावा बेटाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि त्याची चारही इंजिने बंद पडली. राख ज्वलनकक्षात वितळून आतील भागांवर चिकटली होती. विमान तरंगत खाली येत असता इंजिने थंड झाली, थिजलेली राख सुटून पडली आणि ती पुन्हा सुरू करता आली. विमान जकार्ता येथे सुखरूप उतरले. वैमानिकांना ही राख दिसली नव्हती, कारण ती कोरडी असल्याने हवामान-रडारवर उमटत नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये कॅनडा हंसांच्या थव्याने एका एअरबस ए३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांचा रेटा नाहीसा केला; ते हडसन नदीवर उतरवण्यात आले व त्यातील सर्व १५५ जण वाचले.

इतर प्रकार

तेजससारख्या लढाऊ विमानांत वेग महत्त्वाचा असल्याने पंखा लहान असतो. एटीआर ७२ सारख्या कमी पल्ल्याच्या विमानांत टरबाइन उघडा प्रोपेलर फिरवते. हेलिकॉप्टरमध्ये तीच शक्ती वरच्या पात्यांना दिली जाते.