आकाशातील अंतर आणि रस्त्यावरील वेळ

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या परिसरातील अनेक कुटुंबांतील माणसे आखाती देशांत नोकरीला आहेत. दुबईहून मुंबईस विमानाने येण्यास सुमारे तीन तास लागतात. परंतु मुंबईहून राजपुरी खाडीच्या काठावरील आगरदांड्यास पोहोचण्यास चार ते पाच तास मोडतात. हे कोडे समजून घेण्यासारखे आहे.

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर होय. मुंबई-दुबई हे अंतर सुमारे १,९३० किलोमीटर भरते. प्रवासी विमान उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जाते. या हिशेबाने सव्वादोन तास पुरावेत. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि उतरण्याच्या परवानगीची प्रतीक्षा यांत उरलेला वेळ जातो.

जाण्यायेण्याच्या वेळेतही फरक पडतो. पृथ्वी फिरते म्हणून पश्चिमेकडे लवकर पोहोचता येते, हा समज चुकीचा आहे. पृथ्वीबरोबर वातावरणही फिरत असते. खरे कारण वाऱ्याचे आहे. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे दुबईहून येणारे विमान मुंबईहून जाणाऱ्या विमानापेक्षा सहसा लवकर पोहोचते. घड्याळ मात्र वेगळेच सांगते. दुबई भारतापेक्षा दीड तास मागे असल्याने रात्री १० वाजता निघालेला प्रवासी येथे अडीच वाजता उतरतो.

आता आगरदांड्याचा हिशेब पाहू. दक्षिण मुंबईपासून हे गाव सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. पेण-अलिबागमार्गे रस्त्याने मात्र दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास होतो, कारण कोकणचा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूने मुंबईतून बाहेर पडणे सोपे केले; पुढच्या खाड्या तशाच आहेत.

आगरदांड्यासमोरच दिघी दिसते. वाहने नेणारी फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते. बोट नसेल तर खाडीला वळसा घालून म्हसळ्याकडून जावे लागते. दिवसा ही गैरसोय ठरते; रात्री फेरी बंद झाल्यावर रुग्णाला पलीकडे न्यायचे असेल, तर तोच वळसा जिवावर बेतू शकतो. बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून (१९८०-८२) चर्चेत असलेल्या रेवस-रेड्डी सागरी महामार्गावर आगरदांडा-दिघी पूल नियोजित आहे, तो याचसाठी महत्त्वाचा.

अंतर किलोमीटरमध्ये मोजले जात असले, तरी माणसाला ते वेळेत भोगावे लागते. विमानांनी दुबई जवळ आणली; दिघी जवळ आणण्याचे काम अद्याप पुलाकडे आहे.