एजंटसाठी लिहिलेलं माहितीपत्रक

‘गेल्या तिमाहीत विक्री किती झाली?’ असं विचारलं की एआय एजंट तो आकडा कंपनीच्या एपीआयकडून, म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती मागायच्या खिडकीतून, मागवतो. अशी प्रत्येक खिडकी एजंटपुढे एक ‘टूल’ म्हणून मांडलेली असते. त्यासाठी कोणतं टूल वापरायचं, हे तो मुख्यतः टूलचं नाव आणि वर्णन वाचून ठरवतो. अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या एजंटला टूल जोडण्याच्या मानकातही याच गोष्टी असतात, शिवाय टूलला कोणती माहिती पुरवायची त्याचा साचा.

माणूस अडला तर शेजारच्या टेबलावर विचारून येतो. एजंट बरेचदा अंदाज बांधून पुढे जातो. म्हणून ‘विक्रीचा आकडा देते’ एवढं वर्णन पुरत नाही. जीएसटी धरून की वगळून? परत आलेला माल वजा केलाय का? तिमाही एप्रिलपासून मोजायची की जानेवारीपासून? ऑनलाइन पेमेंट स्वीकारून देणाऱ्या रेझरपेच्या एपीआयमध्ये रक्कम पैशांत असते. २९९ रुपये म्हणजे २९९००. असलं काही लिहायचं राहिलं, तर अहवालात उलाढाल शंभरपट फुगते, आणि तीही अशा ठाम सुरात की साहेबांना शंका येऊ नये.

नोंद नसेल तेव्हा टूल शून्य देतं की रिकामी जागा, हेही लिहावं. माझ्या मते सर्वांत जास्त विसरली जाते ती हीच ओळ. रविवारी विक्री झालीच नाही, की रविवारचा हिशेब अजून यायचाय, हे एजंटला दुसरीकडून कळायला मार्ग नसतो.