उजेड पडेपर्यंत थांबणारा डिंक

एरंडेलाचं नाव काढलं की आजही अनेकांचं तोंड वाकडं होतं. पोट साफ करायला पाजलं जाणारं हे दाट, चिवट तेल साबण, वंगण, रंग, नायलॉन अशा कितीतरी उद्योगांना लागतं. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, आणि त्यातही सिंहाचा वाटा गुजरातचा. याच तेलातून निघणारं एक आम्ल आता शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचलं आहे. फाटलेली रक्तवाहिनी किंवा तुटलेली नर्व्ह सांधणाऱ्या एका डिंकाचा तो मुख्य घटक आहे.

एरंडेल तीव्र अल्कलीबरोबर अडीचशे अंशांच्या आसपास तापवलं, की त्यातल्या आम्लाची लांब साखळी तुटते आणि सिबॅसिक आम्लाची पांढरी भुकटी हाती येते. दुसरा घटक ग्लिसरीन. तेला-चरबीपासून साबण करताना ते आपसूक सुटतं. या दोघांची सांगड घालून यादोंग वांग, रॉबर्ट लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटीत २००२ साली रबरासारखा एक पदार्थ जगासमोर ठेवला. तो ओढला तर ताणला जातो, सोडला की पूर्ववत होतो आणि शरीरात हळूहळू झिजून जातो. अडचण एकच होती. तो घट्ट व्हायला निर्वात भट्टीत १२० अंशांवर बराच काळ ठेवावा लागे, आणि माणसाच्या छातीत भट्टी लावता येत नाही. म्हणून पुढे त्याच्या साखळीला अ‍ॅक्रिलेटचे गट जोडले गेले. सोबत प्रकाश शोषून अभिक्रिया सुरू करणारं द्रव्य घातलं, की उजेड पडताच या साखळ्या एकमेकींत गुंततात. अ‍ॅक्रिलेट मात्र खनिज तेलाच्या घरचं. तेव्हा हा डिंक वनस्पतिजन्य, पण शंभर टक्के नव्हे.

दातांच्या दवाखान्यात निळ्या उजेडाखाली सिमेंट घट्ट होताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही रसायनाची रीत ओळखीची वाटेल. तोंडात डॉक्टर कापूस कोंबून दात कोरडा ठेवतात. धडधडत्या हृदयात ही सोय नाही.

जुने डिंक नेमके इथेच हार मानत. सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे घरातल्या झटपट चिकटणाऱ्या डिंकाचा भाऊबंद, ओल लागताच घट्ट होतो. त्वचेवरच्या चिरेसाठी १९९८ पासून अमेरिकेत त्याला मान्यता आहे, पण आतल्या हलत्या अवयवावर तो कडक पडतो. रक्तातल्या प्रथिनांपासून केलेला फायब्रिनचा डिंक शरीराला मानवतो, मात्र त्याची पकड कमजोर. वाहत्या रक्तापुढे तो टिकत नाही. प्रकाशाची युक्तीही अगदी नवी नव्हती. फुप्फुसातून होणारी हवेची गळती थांबवणाऱ्या फोकलसील या लेपाला अमेरिकेत २००० साली परवानगी मिळाली होती. तोही प्रकाशानेच घट्ट होत असे.

खरी गरज बोलून दाखवली ती बोस्टनच्या बालरुग्णालयातले हृदयशल्यविशारद पेद्रो देल निदो यांनी. जन्मतः हृदयाच्या पडद्याला भोक असलेल्या बाळांवर ते शस्त्रक्रिया करतात. इतक्या कोवळ्या पेशीजालात टाका घालायचा, तर सुई नवी इजा करते. ते संशोधक जेफ्री कार्प यांच्या प्रयोगशाळेकडे गेले. तिथे मारिया परेरा ही पोर्तुगीज संशोधक कामाला लागली. गोगलगायी आणि वाळूची घरं बांधणारे समुद्रकिडे ओल्यातही चिकटून कसे राहतात, हे या मंडळींनी पाहिलं. त्यांचा स्राव दाट असतो आणि पाण्यात मिसळत नाही. नव्या डिंकाला हेच दोन गुण हवे होते.

प्रत्यक्षात घडतं ते असं. मधासारखा दाट द्रव पारदर्शक ठिगळावर लावायचा आणि ते ठिगळ भोकावर टेकवायचं. द्रवाला पाण्याचं वावडं असल्यामुळे तो रक्त बाजूला सारतो आणि खालच्या कोलॅजनच्या धाग्यांमध्ये झिरपतो. या क्षणी काहीच पक्कं झालेलं नसतं. ठिगळ तिरकं बसलं तर सरकवता येतं, नको असेल तर काढूनही घेता येतं. जागा मनासारखी साधली की प्रकाश टाकायचा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अतिनील प्रकाशाचे पाच सेकंद पुरले. धाग्यांत शिरलेला द्रव तिथेच घट्ट होऊन अडकतो. डुकराच्या मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला दिलेला तीन-चार मिलिमीटरचा छेद या डिंकाने टाक्यांविना बंद केला, आणि धडधडत्या हृदयाच्या पडद्यावर बसवलेलं ठिगळही जागचं हललं नाही.

चिकटणारे पदार्थ ढिगाने मिळतात. कधी चिकटायचं हे सर्जनच्या हाती ठेवणारा पदार्थ दुर्मीळ, आणि या डिंकाची खरी कमाई तीच आहे.

हे संशोधन घेऊन २०१३ मध्ये पॅरिसमध्ये गेको बायोमेडिकल ही कंपनी उभी राहिली. आज तिचं नाव टिशियम. तिच्या सेटालम या डिंकाला २०१७ मध्ये युरोपची मान्यता मिळाली, ती रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत टाक्यांच्या जोडीला वापरण्यासाठी. टाके बाद झाले नाहीत. त्यांच्या फटींतून झिरपणारं रक्त डिंकाने अडवायचं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने याच घराण्यातल्या पॉलिमरवर बेतलेलं, तुटलेल्या नर्व्हची टोकं जुळवून धरणारं साधन मंजूर केलं. त्रिमितीय छपाईने घडवलेल्या कोशात दोन्ही टोकं समोरासमोर बसवायची आणि निळ्या प्रकाशाने ती पकड पक्की करायची. त्याची चाचणी अवघ्या १२ रुग्णांवर झाली होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

मर्यादाही प्रकाशाच्याच आहेत. थर जाड झाला तर तळ कच्चा राहतो, आड रक्त आलं तर उजेड अडतो आणि ठिगळ अपारदर्शक असेल तर सगळंच मुसळ केरात. शिवाय डिंक किती वेगाने झिजतो आणि जखम किती वेगाने भरते, यांचा मेळ बसावा लागतो. आधी झिजला तर सांधा उघडा पडेल, फार रेंगाळला तर शरीर त्याला परकं मानेल. नर्व्हच्या टोकांवर रक्ताच्या दाबाचे सततचे हिसके नसतात. हा मेळ तिथे तुलनेने लवकर जमावा, यात नवल नाही. बाळाच्या हृदयासाठी मात्र अजून सुईदोऱ्यावरच भिस्त आहे.