हिमावरील सोबती

स्कीचा खेळ म्हटला की तारेवरच्या पाळण्यातून वर जाऊन चोपलेल्या बर्फावरून घसरणारे हौशी लोक डोळ्यांपुढे येतात. परंतु जे स्नेही शनिवार-रविवार आल्प्सच्या निर्जन भागात घालवितात, त्यांची रीत निराळी. स्कीच्या तळाला ते लवदार पट्ट्या चिकटवितात. लव मागे वळलेली असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. असे चढत ते डोंगरावरील कुटीत पोहोचतात. स्विस आल्पाइन क्लबाने अशी पहिली कुटी १८६३ साली, म्हणजे स्थापनेच्याच वर्षी, बांधली. आज त्या सुमारे दीडशे आहेत. रखवालदार नसला तरी पुष्कळ कुटींत एक खोली उघडी असते. तेथे चूल पेटवावी, बर्फ वितळवून पाणी करावे आणि प्रामाणिकपणे भाडे चुकवावे.

खरी परीक्षा सकाळी होते. ३० अंशांहून अधिक उतारावरील हिमथर एका माणसाच्या भारानेही तुटतो आणि हिमलोट सुटतो. पुरता गाडला गेलेला मनुष्य दहा मिनिटांत बाहेर निघाला, तर दहांपैकी सुमारे नऊ वाचतात. त्यानंतर अर्ध्या तासापर्यंत निघालेल्यांपैकी जेमतेम तीन. इतक्या अल्पावधीत बाहेरची मदत क्वचितच येते. म्हणून प्रत्येकाजवळ ठावठिकाणा सांगणारे व शोधणारे बिनतारी यंत्र, लांब सळई आणि फावडे असते. सळई आणि फावडे तर केवळ सोबत्याच्या प्राणांसाठीच होत!

तथापि सर्वांत मोठे साधन जिभेवर आहे. मंडळी उत्साहात असता "आज हा उतार नको" असे म्हणणाऱ्यास कोणी भित्रा म्हणू नये. वर्गात गप्प बसणारा मुलगा शहाणा, असे मी आयुष्यभर मानले. या डोंगरांत मात्र ते मौन घातक ठरते.